हाफकिन यांची प्लेगची लस
प्लेग हा यर्सिनिया पेस्टिस या जंतूमुळे होणारा रोग. रोगट उंदरांवरील पिसवांच्या दंशाने जंतू शरीरात शिरतात. भक्षिकोशिकांना चुकवून ते लसीका ग्रंथींत वाढतात व जांघेत वा काखेत गाठ येते. १८९६ मध्ये मुंबईत ही साथ उद्‌भवली. वॉल्डेमार हाफकिन यांनी तेथे उष्णतेने मारलेल्या जंतूंची लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःस टोचून घेतली. मृत जंतू रोग उत्पन्न करीत नाहीत. मात्र त्यांतील प्रतिजनांमुळे शरीरात प्रतिपिंडे तयार होतात. त्याच वर्षी पालघरच्या उत्तरेस, पोर्तुगीज अंमलाखालील दमणमध्ये लस टोचलेल्या २,१९७ जणांपैकी ३६, तर न टोचलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२ मृत्युमुखी पडले. लशीचे संरक्षण मात्र अपूर्ण व अल्पकालिक असे.