स्कीचे बूट: टाच मोकळी की बांधलेली?



रिसॉर्टच्या लिफ्टने वर जायचं आणि कधीतरी पायांनी डोंगरही चढून पाहायचा, तर बुटांची एकच जोडी पुरेल का? मला वाटतं, उत्तर इतिहासात सापडतं. चढताना टाच मोकळी लागते, उतरताना घट्ट. सगळं भांडण एवढंच.

१९३० च्या आसपास 'कंदाहार' बाइंडिंग आलं. टाचेमागून फिरणारी केबल स्कीवरच्या आकड्यांखाली अडकवली की टाच घट्ट, सोडली की मोकळी. चामड्याचा एकच बूट दोन्हीकडे चालायचा. नावाची गंमत अशी: १८८० मध्ये मैवंदला हरलेलं मुंबई लष्कराचं सैन्य कंदाहारच्या वेढ्यात अडकलं. त्याला सोडवणाऱ्या रॉबर्ट्सच्या नावाने १९११ मध्ये स्कीची शर्यत सुरू झाली, तिथून हे नाव आलं!

१९६० च्या दशकात बॉब लँगेचे प्लास्टिकचे बूट आले. उतारावर झकास, पण चालणं म्हणजे शिक्षा. मग दोन वेगळे बूट झाले. १९८० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलने बुटाचं टोक दोन पिनांमध्ये धरलं, टाच पुन्हा मोकळी झाली. आजच्या हायब्रिड बुटांत या पिनांच्या खाचा आणि घोटा सैल करणारा खटका, दोन्ही असतात.

नवख्याने हेच घ्यावेत, असं माझं मत. फक्त भाड्याच्या स्कीचं बाइंडिंग त्या तळव्याला चालतं का, हे दुकानदाराला विचाराच. जुळलं नाही तर पडताना बूट सुटत नाही आणि पाय मोडतो. आम्हा एजवेअरकरांना हेमेल हेम्पस्टेडचा छताखालचा बर्फ जवळ आहे. आल्प्सआधी तिथे घालून बघा.