पिस्तुलाचा नेम

लखनौच्या चौकात गोल दरवाजापासून अकबरी दरवाजापर्यंत पसरलेल्या बाजाराने हाताच्या कसबाला पिढ्यान्‌पिढ्या मान दिला आहे. चिकनकारीचा टाका असो, अत्तराची मिळवणी असो की चांदीचा वर्ख असो, येथे मोल ठरते ते कारागिराच्या हाताच्या अचूकपणावर. नबाब असफउद्दौला याने १७७५ मध्ये अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला आणली, तेव्हा या कसबांत आणखी एकाची भर पडली. नबाबाच्या शस्त्रशाळेवर क्लोद मार्तिन हा फ्रेंच गृहस्थ १७७६ मध्ये अधीक्षक म्हणून आला आणि त्याच्या देखरेखीखाली हिंदी कारागीर युरोपीय धाटणीच्या बंदुका व पिस्तुले घडवू लागले.

ती पिस्तुले चकमकीची होती. चाप ओढला की घोड्याच्या जबड्यातील गारगोटी पोलादावर आपटे, ठिणगी रंजकावर पडे, रंजकाची आग बारीक छिद्रातून नळीतल्या दारूपर्यंत जाई आणि मग गोळी सुटे. या सर्व क्रियेला निमिषमात्र लागे. परंतु तेवढ्यात हात ढळला, किंवा डोळ्यासमोरच्या भडक्याने पापणी मिटली, की नेम चुकलाच. कारागिराने नळी कितीही सुबक घडविली, तरी चाप आणि गोळी यांच्यामधला तो क्षण त्याच्या हाती नव्हता. पिस्तुलाच्या अचूकतेचा इतिहास म्हणजे हा क्षण कमी करीत नेण्याचा इतिहास, असे म्हणावयास हरकत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गारगोटी जाऊन तांब्याची स्फोटक टोपी आली. १८४५ च्या सुमारास फ्लोबेर नावाच्या फ्रेंच बंदूककाराने या टोपीच्याच तोंडात बारीक गोळी बसविली. त्यात वेगळी दारू नव्हती. दिवाणखान्यात बसून निशाण मारण्याची ती एक करमणूक होती. परंतु याच खेळण्यातून पुढचे काडतूस जन्मास आले.

त्यानंतरचे १८५७ हे वर्ष लखनौ कधी विसरणार नाही. त्या वर्षी मे महिन्याच्या आरंभी, मीरतचा उठाव होण्यापूर्वी आठवडाभर आधी, चौकाच्या वायव्येस काही मैलांवर असलेल्या मूसाबागेतील सातव्या अवध पलटणीने काडतूस दातांनी तोडण्यास नकार दिला. त्या कागदी काडतुसाभोवती धर्मभ्रष्टतेचा संशय दाटला होता. हेन्री लॉरेन्सने पलटणीची शस्त्रे काढून घेतली. पण ३० जूनला रेसिडेन्सीला वेढा पडला आणि पुढे कित्येक महिने हे शहर रणभूमी झाले. नेमक्या त्याच वर्षी, हजारो मैल दूर, अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी स्मिथ आणि वेसन यांनी एक लहानसे सातबारी रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याचे काडतूस धातूचे होते. ते तोडावे लागत नसे, ठासावे लागत नसे आणि त्यास वेगळी टोपीही लागत नसे. स्फोटक द्रव्य काडतुसाच्या बुडाशी असलेल्या कडेच्या पोकळीतच भरलेले असे. घोड्याचा आघात त्या कडेवर झाला की बार उडे. कडेवर आघात घेणारे म्हणून त्यास रिमफायर हे नाव मिळाले. १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीने याच जातीचे ‘पॉइंट टू-टू लाँग रायफल’ हे काडतूस काढले. त्याचा व्यास सुमारे ५.६ मिलिमीटर आणि त्याच्या नेहमीच्या गोळीचे वजन जेमतेम अडीच ग्रॅमच्या आसपास. आज जगभरातील नेमबाजीच्या शाळा प्रामुख्याने याच काडतुसावर चालतात.

त्याचे कारण स्वस्ताई एवढेच नाही. या पिस्तुलाचा धक्का इतका सौम्य असतो, की शिकणाऱ्यास दोष देण्यासाठी दुसरे कोणी उरत नाही. शस्त्रातील एकेक अडथळा दोनशे वर्षांत दूर होत गेला आणि शेवटी अडथळा राहिला तो फक्त माणसाचा.

तो किती मोठा असतो, हे साध्या गणिताने कळते. पिस्तुलाच्या मागच्या टोकास एक खाच असते व पुढच्या टोकास माशी. स्पर्धेच्या पिस्तुलात या दोहोंतील अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर असते. निशाण २५ मीटरवर. माशी खाचेच्या मध्यापासून एकच मिलिमीटर बाजूला गेली, तर गोळी निशाणावर सुमारे ११४ मिलिमीटर सरकते. सावकाश नेम धरण्याच्या निशाणावर दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणजे एका मिलिमीटरच्या चुकीने दहाचे सहा होतात. उलट माशी आणि खाच परस्परांशी अचूक जुळलेली असून सबंध हातच एक मिलिमीटर सरकला, तर गोळीही एकच मिलिमीटर सरकते. नवशिक्यास वाटते की हात हलतो म्हणून नेम चुकतो. हात तर सर्वांचाच हलतो. नेम चुकतो तो माशी व खाच यांची संगती मोडल्यामुळे.

म्हणूनच द्रोणाचार्यांच्या परीक्षेतील धडा येथे उलटा गिरवावा लागतो. अर्जुनाला पक्ष्याचा डोळा तेवढा दिसत होता. पिस्तूलधाऱ्यास मात्र माशी तेवढी रेखीव दिसली पाहिजे आणि निशाण अंधूक दिसले तरी ते सोसले पाहिजे. मानवी डोळा दोन अंतरांवरील वस्तू एकाच वेळी स्पष्ट पाहू शकत नाही. मोह निशाणाकडे पाहण्याचा होतो. तो आवरणे हा पहिला अभ्यास. दुसरा अभ्यास बोटाचा. ‘आता मारू’ असे म्हणून चाप हिसकला, की पिस्तुलाचे तोंड खाली झुकते. दाब सरळ मागे आणि हळूहळू वाढला पाहिजे, इतका की बार कोणत्या क्षणी उडाला हे मारणाऱ्यासही आगाऊ कळू नये. हा अभ्यास बाराविना केला जातो. मात्र रिकाम्या रिमफायर पिस्तुलाचा घोडा तसाच पाडला तर त्याचे टोक नळीच्या कडेवर आपटण्याचा संभव असतो; म्हणून त्यात वापरलेले काडतूस किंवा बनावट काडतूस घालतात. तिसरा अभ्यास संयमाचा. पहिल्या गोळ्या मध्यावर पडल्या की नाही हे न पाहता, त्या एकमेकींजवळ पडल्या की नाही हे पाहावयाचे. गोळ्यांचा पुंजका जमला की तो मध्यावर आणणे हे खाचेच्या स्क्रूचे काम. पुंजकाच जमला नसेल तर स्क्रू फिरवून उपयोग नाही.

या शिक्षणाची थोरवी कारोली ताकाच या हंगेरियन सैनिकाने जगाला दाखविली. १९३८ मध्ये हातबाँबच्या स्फोटात त्याचा उजवा हात, म्हणजे नेमाचाच हात, निकामी झाला. त्याने गुपचूप डाव्या हाताने पहिल्यापासून अभ्यास केला आणि १९४८ च्या लंडन व १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये शीघ्र पिस्तूल स्पर्धेचे सुवर्णपदक मिळविले. हात गेला, तरी विद्या गेली नव्हती.

आपल्या देशात मात्र ही विद्या सामान्यांना दीर्घकाळ दुर्मीळच राहिली. १८५७ ची धास्ती घेतलेल्या सरकारने १८७८ मध्ये शस्त्रांचा कायदा केला. हिंदी माणसास शस्त्रासाठी परवान्याची अट आणि युरोपियनास सूट, हा त्यातील भेद काँग्रेसच्या ठरावांतून वारंवार निषेधिला गेला. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे पुढे लोकसभेचे पहिले सभापती झाले. आजही देशातील एक महत्त्वाची नेमबाजी स्पर्धा त्यांच्या नावाने भरते. सभागृहाला शिस्त लावणाऱ्या या मराठी पुरुषाकडे शस्त्राला शिस्त लावणाऱ्या खेळाचे पालकत्व यावे, हा योग मार्मिक होय.

त्या बीजाचे फळ कोल्हापूरच्या मातीतही दिसले. राही सरनोबत हिने २०१३ मध्ये चांगवॉन येथील विश्वचषक स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक पटकाविले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांग येथे तिची व थायलंडच्या प्रतिस्पर्धिनीची गुणसंख्या समान झाली. पुन्हा गोळ्या झाडल्या, पुन्हा बरोबरी. दुसऱ्या फेरीत एका गुणाने सुवर्ण राहीचे झाले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणारी ती पहिली भारतीय महिला.

ज्या कायद्याने एका पराभूत जनतेच्या हातून शस्त्र काढून घेतले, त्या जनतेच्या वंशजांनी ते पुन्हा हाती घेतले ते सूड घेण्यासाठी नव्हे, तर स्वतःचा हात ओळखण्यासाठी. चौकातील चिकनकाराला हे नवे वाटणार नाही. सुई कितीही बारीक असली, तरी टाका सरळ पडतो तो हात शांत असेल तरच.