ई-बुकसाठीही रांग का लागते? डिजिटल लायब्ररीचं कुलूप कसं चालतं

इंटरनेट आर्काइव्हवर पुस्तकं शोधत असाल तर हे पाहिलं असेल. एका पुस्तकाची पीडीएफ सरळ डाउनलोड होते. दुसऱ्यावर 'बॉरो'चं बटण असतं, तेही एका तासापुरतं. तिसरं कुणीतरी आधीच घेतलेलं असतं. फाइल तर सर्व्हरवरच आहे, मग एकाने उघडली की दुसऱ्यासाठी ती संपते कशी?

संपत नाहीच. ती संपल्यासारखी वागवली जाते. मी बॅकएंडवर काम करतो, त्यामुळे मला हे सिनेमाच्या तिकिटासारखं वाटतं. तुम्ही सीट निवडली की ॲप काही मिनिटं ती तुमच्या नावावर अडवून ठेवतं. इथेही तसंच. डेटाबेसमध्ये पुस्तकापुढे प्रतींचा आकडा असतो. तुम्ही लॉगिन करून पुस्तक घेतलं की तुमचं खातं आणि परतीची वेळ नोंदली जाते आणि शिल्लक प्रत एकाने कमी होते. वेळ संपली की पान बंद. दंड नाही, ग्रंथपालांचा फोनही नाही.

या पद्धतीला 'कंट्रोल्ड डिजिटल लेंडिंग' म्हणतात. कागदी पुस्तकाच्या जितक्या प्रती लायब्ररीच्या मालकीच्या, तितक्याच वाचकांना एका वेळी स्कॅन वाचायला द्यायचा. म्हणजे टंचाई मुद्दाम तयार केलेली आहे. कॉम्प्युटरच्या दृष्टीने हा वेडेपणाच, पण लायब्ररीचा सगळा कायदेशीर बचाव याच टंचाईवर उभा होता.

२४ मार्च २०२० ला, कोविडमुळे लायब्रऱ्या बंद पडल्यावर, इंटरनेट आर्काइव्हने वेटिंग लिस्टच काढून टाकली. एकच पुस्तक एका वेळी खूप जण घेऊ शकत होते. १ जूनला अशेट, हार्परकॉलिन्स, वायली आणि पेंग्विन रँडम हाउस या प्रकाशकांनी अमेरिकेत खटला भरला, आणि त्याच महिन्यात रांग परत आली. पण खटला मागे गेला नाही, कारण प्रकाशकांचा आक्षेप स्कॅन करून उधार देण्यावरच होता. मार्च २०२३ मध्ये कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही तोच कायम राहिला. पाच लाखांहून जास्त पुस्तकं उधारीतून काढावी लागली. एखाद्या पुस्तकावर 'बॉरो अनअव्हेलेबल' दिसलं तर बऱ्याचदा कारण हेच असतं. दृष्टिहीन आणि छापील मजकूर वाचण्यात अडचण असलेल्या वाचकांना मात्र पडताळणीनंतर ती पुस्तकं मिळतात, ही सवलत टिकली.

मग लायब्ररीने ई-बुक विकतच घ्यावं ना? गंमत अशी की मोठे प्रकाशक लायब्ररीला ई-बुक सहसा विकत नाहीत, परवाना देतात. २०११ मध्ये हार्परकॉलिन्सने नियम केला होता: एक ई-बुक २६ वेळा उधार गेलं की परवाना संपला, पुन्हा पैसे भरा. कागदी प्रत फाटेपर्यंत फिरते, त्याच्याशी तुलना करा. अमेरिकेत राहणारे तुमचे दादा-ताई 'लिबी' ॲपवर आठवडेच्या आठवडे वाट बघतात तेही याच परवान्यांमुळे. लेखकाला पैसे मिळायलाच हवेत, यावर माझं दुमत नाही. पण परवान्यावर चालणाऱ्या लायब्ररीचं कपाट तिच्या स्वतःच्या मालकीचं राहत नाही, हे मला खटकतं.

आता आपल्या कामाचं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, आणि मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून होते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तकं २०११ पासून सगळ्यांसाठी मोकळी आहेत. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले. त्यांची पुस्तकं २०६० संपेपर्यंत हक्कात आहेत. अनुवाद, नवी प्रस्तावना आणि चित्रं यांचे हक्क वेगळे मोजले जातात. आणि आर्काइव्हवर कुणीही अपलोड करू शकतं, तेव्हा डाउनलोड बटण दिसलं म्हणजे पुस्तक कायदेशीर, असं धरून चालू नका. (टेलिग्रामच्या ग्रुपबद्दल वेगळं सांगायला नको.)

आयआयटी खरगपूरने उभारलेल्या नॅशनल डिजिटल लायब्ररीत सर्च केल्यावर नाव सापडतं पण पुस्तक उघडत नाही, ही तक्रार मला नेहमी ऐकू येते. ती लायब्ररी बहुतेक वेळा पुस्तक नाही, तर त्याचा पत्ता ठेवते. मूळ संस्थेचं कुलूप असेल तर तुम्ही त्या कुलपापाशी थांबता. अशा वेळी त्याच लेखकाचं जुनं, हक्कमुक्त पुस्तक शोधा, किंवा महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या वेबसाइटवर बघा. तिथली अनेक पुस्तकं मोफत आहेत, रांग नाही.

आणि आर्काइव्हवर उधार घेतलेलं पुस्तक दहा मिनिटांत चाळून झालं, तर टॅब नुसता बंद करू नका. वरचं 'रिटर्न' बटण दाबा. नाहीतर तो तास संपेपर्यंत पुस्तक तुमच्याच नावावर राहतं.