मशीद बंदरचे दिवेकर

खामगावचा कापूस रेल्वेनं मुंबईला जायचा. मी गेलो मुंबईतला ज्यू वारसा दाखवणाऱ्या फेरीला. ससून घराण्याच्या वास्तू भव्य आहेतच. पण मी रेंगाळलो मशीद बंदरच्या ‘शार हारहमीम’पाशी, म्हणजे दयेच्या दारापाशी. मुंबईतलं हे पहिलं सिनेगॉग. १७९६ साली ते उभारलं कंपनीच्या फौजेतल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी. आडनाव ऐकलंत? पेणकर, रोहेकर तसेच हे दिवेकर! बेने इस्रायली कोकणात तेल गाळायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून ‘शनिवार तेली’. बोली मराठीच. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले, मराठी सोबत घेऊन. मागे उरलेले मोजकेच. म्हणून सांगतो, ससूनांच्या इमारती बघाच, पण आधी मशीद बंदरला उतरा.