तांबडा ठिपका

नगरला आत्याकडे गेलो की आधी चहा आणि मग गाऱ्हाणे, हा क्रम ठरलेला. गेल्या दिवाळीत गाऱ्हाणे रेडिओचे होते. "मेला सेल खातो रे!" ती म्हणाली.

पाहिले तर रेडिओ निरपराध होता. तो फडताळावरून पडला होता आणि चालू असल्याची खूण देणारा तांबडा दिवा गेला होता. आत्याला अलीकडे कमी ऐकू येते. दिवा दिसत नाही म्हणून ती रेडिओ बंद समजे, आणि तो बिचारा रात्रभर कुजबुजत राही. "एवढ्यासाठी नवाच घ्या," असे कोणा दुकानदाराने तिला सांगितले होते. मला ते पटेना.

या आत्याचे रेडिओशी नाते जुने. पुण्याचे आकाशवाणी केंद्र 1953 साली सुरू झाले. 1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये त्या केंद्रावरून शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील 150 गावांत माणसे आठवड्यातून दोनदा रेडिओभोवती बसत, कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर वाद घालत. युनेस्कोनेही त्यात लक्ष घातले होते. आत्या तेव्हा परकराच्या वयाची. चावडीच्या भिंतीआडून ऐकणाऱ्या पोरांत तीही असे. त्या पेटीत दिवा नव्हता. वीज नसलेल्या गावात रेडिओ बॅटरीवर चाले, तिथे दिव्याची चैन कोण करणार? पेटी बोलू लागली म्हणजे चालू झाली, एवढेच.

शहरातल्या विजेच्या रेडिओचा थाट निराळा. बटण फिरवले की काचेमागे पिवळा उजेड पसरे आणि नळ्या तापल्यावर सावकाश आवाज येई. तो दिवा म्हणजे 6.3 व्होल्टचा लहानसा बल्ब. गेला तर बहुधा बोटांनी फिरवून काढावा, नवा बसवावा. तिथे डाख लावायची गरज नसे.

आत्याच्या रेडिओतला ठिपका मात्र तारेचा नव्हे, स्फटिकाचा. त्याची कुळकथा लांबची आहे. 1907 साली हेन्री राउंड या इंग्रज अभियंत्याला कार्बोरंडमच्या खड्यातून वीज सोडताना मंद उजेड दिसला. पुढे रशियातील ओलेग लोसेव्हने त्याचा चिकाटीने अभ्यास केला. पण 1942 मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात तो उपासमारीने गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंडित नेहरू आणि त्यांचे सहकारी आमच्या नगरच्या किल्ल्यात बंदिवान होऊन आले. लढाई संपली, किल्ल्याची दारे उघडली, आणि 1962 साली अमेरिकेत निक होलोन्याकने डोळ्यांना दिसेल असा तांबडा प्रकाश देणारा डायोड तयार केला. तेजस्वी निळा रंग साधायला मात्र 1990 चे दशक उजाडले. त्या कामासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चे नोबेल मिळाले.

आता दुरुस्तीकडे वळतो. लहानपणी कल्हईवाल्याचा भाता मी तासन्‌तास पाहत असे. भांडे तापले की नवसागराची भुकटी टाकून तो कथील फिरवी, आणि काळपट तांबे क्षणात चांदीसारखे होई. तिथेच मी शिकलो की धातू स्वच्छ आणि तापलेला असेल तरच कथील धरते. डाखाचे शास्त्र तेच. नवसागराच्या जागी राळ येते, एवढाच फरक. कथील 232 अंशांवर वितळते, शिसे 327 वर. पण योग्य प्रमाणात एकत्र केले की दोन्ही 183 वरच पातळ होतात!

प्रथम सेल काढले. दिव्याचा एक पाय मोडलेला निघाला. या दिव्याला उलटसुलट चालत नाही: लांब पाय धन बाजूचा, आणि कडेला जिथे सपाट कापल्यासारखे असते ती ऋण बाजू. जुन्याची दिशा कागदावर काढून घेतली. तापलेली इस्त्री सांध्याला टेकवली, डाख पातळ होताच जुने पाय ओढून काढले. नवा दिवा तांबडाच घेतला, कारण त्याला दोनेक व्होल्ट पुरतात. निळ्या-पांढऱ्याला तीनच्या आसपास लागतात, आणि दोन सेलांचे तेवढेच तीन होतात. सेल जरा उतरले की तो रुसतो. शेजारचा रोधक तसाच ठेवला. तो नसेल तर दिवा जळून जातो.

नवशिक्यांची चूक एकच: ते डाख इस्त्रीवर वितळवून वरून ठिपकावतात. तसे करू नये. इस्त्रीने सांधा तापवावा आणि डाख सांध्याला लावावा. तो आपण होऊन पसरतो. दोन-तीन सेकंद पुरेत, अधिक वेळ दिव्याला सोसत नाही. खिडकी उघडी ठेवावी, आणि डाखात शिसे असते म्हणून फराळाच्या ताटाकडे वळण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. विजेच्या तारेवर चालणारे यंत्र मात्र नवशिक्याने उघडू नये.

सेल घातले, बटण फिरवले. तांबडा ठिपका उजळला. आत्याने चष्मा सारखा केला, बटण बंद केले, पुन्हा चालू केले, पुन्हा बंद केले.

"आता कळेल मला, बोलतोय की गप्प आहे ते," ती म्हणाली, आणि चिवड्याचा डबा पुढे सरकवला. "हात धुतलेस ना रे?"