भोक बुजले, हात उरला

इतिहास म्हटला की साताऱ्याच्या माणसाला गड आठवतात. परंतु कारखान्यातल्या हातालाही इतिहास असतो. तो मात्र सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. आज त्यातलेच एक पान आम्ही उघडीत आहोत.

जुन्या रेडिओच्या पोटात तारांचे जंजाळ असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पॉल आइसलर यांची छापील सर्किटाची कल्पना पुढे आली आणि तांब्याच्या रेषा बोर्डावरच उमटू लागल्या. जंजाळ गेले, पण भोके आली. प्रत्येक भागाला पाय. तो भोकात घालायचा, मागून कथील-शिशाचा डाग द्यायचा, उरलेली तार कापायची. मुंबईत १९७३ साली अंधेरीला निर्यातीसाठी ‘सीप्झ’ उभे राहिले, तेथे अशा जोडणीच्या कामावर मुलींची मोठी भरती झाली.

तिकडे अमेरिकेत आय.बी.एम.ने १९६०च्या दशकातच भोकावाचून जोडणी सुरू केली होती. सॅटर्न अग्निबाणाच्या गणकयंत्रात ती वापरली गेली, आणि १९८० नंतर ती सर्वत्र पसरली. हीच आजची एस.एम.टी. पातळ पत्र्याच्या छिद्रांतून बोर्डावर सोल्डरचा लेप छापतात. यंत्र हवेच्या ओढीने भाग उचलून जागेवर ठेवते, आणि बोर्ड भट्टीतून जातो. कथील-शिशाचे ६३-३७ मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळते. २००६ साली युरोपने शिशावर बंधन घातल्यावर रूढ झालेल्या कथील-चांदी-तांब्याच्या मिश्रणाला सुमारे २१७ अंश लागतात. थोडा तिरका बसलेला भाग वितळलेला धातूच पृष्ठताणाने ओढून सरळ करतो. एक मिलिमीटर लांब नि अर्धा रुंद असा भाग कोणता हात वेगाने लावील?

आमच्या एका कारखान्यात हे यंत्र आले तेव्हा आम्ही काय केले? किती जागा जाणार, भरपाई किती मिळणार, यावर रात्री जागवल्या. डाग देणाऱ्या बायांना हे यंत्र शिकवा, ही मागणी मात्र आमच्या कागदावर नव्हती. कऱ्हाड-तासगावकडच्या कित्येकजणी पैसे घेऊन गावी परतल्या. यंत्रावर ठेकेदाराची नवी पोरे उभी राहिली. हा दोष मालकाइतकाच आमचाही.

वास्तविक, धडा घरचाच होता. १९१० साली औंध संस्थानच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना काढला. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, असे शेतकरी म्हणत. पण त्याच शेतकऱ्यांची पोरे तेथे ओतकाम नि लेथ शिकली. १९१९ साली काल्यात कर्मवीर भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि कमवीत शिकण्याची वाट पुढे तिनेच रुजवली. शिकणे हे मजुरीचेच अंग आहे, हे आमच्या मातीने आम्हांला सांगून ठेवले होते.

आजही ट्रान्सफॉर्मर आणि मोठे कनेक्टर पुष्कळदा भोकातच बसवावे लागतात, कारण ओढाताण सोसायला पाय हवेत. बिघडलेला बोर्ड सूक्ष्मदर्शकाखाली दुरुस्त करायला कसलेला हातच लागतो. म्हणून यंत्र आत येण्याआधी त्याचे शिक्षण जुन्या कामगाराला, पगारी वेळेत मिळाले पाहिजे. पुढल्या मागणीपत्रकाचे पहिले कलम हे असू द्या. भरपाईचे कलम त्याच्या खाली येऊ द्या.