मरणाच्या वेढ्यातलं गाणं

मंडळी, दिवाळी अंकात मरणाचा विषय कशाला, असं तुम्हांला वाटेल. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या इंग्लिश आजी गेल्या. त्यांच्या दफनाला आम्ही दोघं गेलो होतो. कबरीपाशी पाद्रीबुवांनी एक वचन म्हटलं. जगत असतानाच आपण मरणाने वेढलेले असतो, अशा अर्थाचं. ते काही डोक्यातून जाईना. त्याचा माग काढत गेलो आणि पोचलो थेट जर्मनीत, मार्टिन ल्यूथरपाशी!

वचन मूळचं मध्ययुगीन लॅटिन स्तोत्रातलं. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालेन मठाच्या नोटकर नावाच्या साधूने (मृत्यू ९१२) दरीवर पूल बांधणारे मजूर पाहून ते रचलं, अशी आख्यायिका आहे. गोष्ट छान आहे, पण तिला पुरावा नाही. खरी गंमत पुढेच आहे. लोक या स्तोत्राचा उपयोग चक्क मंत्रासारखा करू लागले, तोही दुसऱ्याचं वाईट व्हावं म्हणून! शेवटी १३१६ मध्ये कोलोनच्या धर्मसभेला फर्मान काढावं लागलं, की बिशपच्या परवानगीशिवाय हे कोणावर म्हणायचं नाही.

ल्यूथरने १५२४ मध्ये हेच स्तोत्र जर्मनमध्ये आणलं. चर्चमध्ये साध्या माणसांनीही आपल्या भाषेत गावं, हा त्याचा ध्यास होता. जर्मन रूपं आधीही होती, पण ती एकाच कडव्याची. ल्यूथरने दोन कडवी स्वतःची जोडली आणि माझ्या मते गाण्याचा स्वभावच बदलला. पहिल्या कडव्यात मरण आहे, आणि आपल्या पापांमुळे रागावलेला देव आहे. दुसऱ्यात भीती वाढते, मरणामागे नरक उभा राहतो. पण तिथेच देवाला आपल्या दुःखाची दया येते. तिसऱ्यात माणसाला स्वतःचं पापच पळवत असतं, आणि पळून जायचं कुठे, तर ख्रिस्ताकडेच. म्हणजे संकट जसं गडद होतं तशी दयाही जवळ येते. प्रत्येक कडव्याच्या शेवटी देवाला पवित्र म्हणून हाक मारलेली आहे.

ही नुसती कविकल्पना नव्हती. १५२७ मध्ये विटेनबर्गला प्लेग आला, विद्यापीठ येनाला हललं, पण ल्यूथर गावातच राहिला. पुढे नव्वदाव्या स्तोत्रावर बोलताना तर त्याने ते जुनं वचनच उलटं केलं: मरणाच्या मधोमधही आपण जीवनातच असतो.

इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात ते वचन १५४९ मध्ये आलं आणि आमच्या आजींच्या कबरीपर्यंत पोचलं. जर्मन गाण्याला पुढे बाखने चार आवाजांचा साज दिला. मेंडेल्सोनने १८३० मध्ये ते आठ आवाजांच्या गायनवृंदासाठी बांधलं, तेही रोममध्ये, पोपच्या गावात बसून! ती रचना मी आता गाडीत लावतो. सौ. म्हणते, सकाळी सकाळी हे काय. पण परवा बंद करायला गेलो तर म्हणाली, "असू दे, संपू दे."